एका अर्जात २७ देश: युरोपीय संघाचा ट्रेडमार्क

जर्मनीत वेगळा, फ्रान्समध्ये वेगळा असे अर्ज न करता युरोपीय संघाच्या सगळ्या २७ देशांसाठी एकच ट्रेडमार्क नोंदवता येतो. अर्ज स्पेनमधल्या अलिकांते शहरातले संघाचे बौद्धिक संपदा कार्यालय, म्हणजे ईयूआयपीओ, ऑनलाइन घेते. अर्जदार कुठल्याही देशातली व्यक्ती किंवा कंपनी असू शकते. ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि नॉर्वे मात्र यात येत नाहीत. लंडनच्या दुकानांत माल ठेवायचा असेल, तर तिथला अर्ज निराळा.

माल आणि सेवांचे क्रमांक दिलेले ठरावीक वर्ग असतात. फी एका वर्गाला ८५० युरो, दुसऱ्याला आणखी ५०, तिसऱ्यापासून प्रत्येकी १५०. लोक इथेच घाई करतात. मसाले आणि चटण्या ३० व्या वर्गात येतात, लोणची मात्र २९ व्या. अर्ज दाखल झाल्यावर यादीतला माल कमी करता येतो, वाढवता येत नाही. वर्गाचे नुसते शीर्षक लिहून त्यातले सगळे मिळत नाही. शब्दांत आहे तेवढेच संरक्षण. म्हणून कार्यालयाच्या मान्य यादीतलेच शब्द निवडावेत. फी महिन्याभरात भरली नाही, तर अर्जाची तारीख हातची जाते.

कागदपत्रे फारशी लागत नाहीत: नाव-पत्ता, चिन्ह, मालाची यादी आणि दोन भाषा. पहिली संघाची कोणतीही अधिकृत भाषा; दुसरी तिच्याहून वेगळी आणि इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश यांपैकी. नोंदणीला हरकत घेणारा ही दुसरी भाषा वापरू शकतो, तेव्हा ही निवड उगाच करू नका. देवनागरीतले नाव शब्दचिन्ह म्हणून चालत नाही, ते चित्रचिन्ह म्हणूनच द्यावे लागते. रोमन लिपीतले नाव हवे असेल तर त्याचा अर्ज स्वतंत्र. भारतात अर्ज करून सहा महिने झाले नसतील, तर त्या तारखेचा अग्रक्रम, म्हणजे युरोपातला अर्जही त्याच तारखेचा धरण्याची सवलत, मागता येतो, पण तो याच अर्जात मागायचा.

भारतातून अर्ज स्वतः दाखल करता येतो. पुढच्या कामकाजाला मात्र युरोपातला अधिकृत प्रतिनिधी नेमावाच लागतो. न नेमल्यास अर्ज फेटाळला जातो.

खरा धोका ‘एकच अर्ज’ यातच आहे. नाव संघातल्या एखाद्याच भाषेत मालाचे वर्णन करणारे निघाले, तरी नोंदणी सगळीकडची अडते. मिळतीजुळती जुनी चिन्हे कार्यालय स्वतःहून आड आणत नाही. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर तीन महिन्यांत जुन्या चिन्हाचा मालक हरकत घेतो. त्याची नोंदणी एकट्या पोर्तुगालमधली असली, तरी तुमचा अख्खा अर्ज जाऊ शकतो आणि भरलेली फी परत मिळत नाही. उरलेल्या देशांत तुमच्या अर्जाचे राष्ट्रीय अर्जांत रूपांतर करता येते, पण प्रत्येक देशाचा खर्च नव्याने. टीएमव्ह्यू या मोफत शोधसाधनावर आधी तासभर घालवणे त्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

भारतातल्या नोंदणीवरून माद्रिद पद्धतीनेही, म्हणजे एकाच आंतरराष्ट्रीय अर्जातून अनेक देशांत संरक्षण मागण्याच्या पद्धतीनेही, युरोपीय संघ निवडता येतो. भारत त्यात २०१३ पासून आहे. मात्र पहिली पाच वर्षे मूळ भारतीय चिन्ह रद्द झाले, तर बाहेरचेही कोसळते. भारतातला अर्ज वादात असेल, तर थेट अलिकांतेच बरे.

नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांची. सलग पाच वर्षे चिन्ह वापरले नाही, तर ते कोणीही रद्द करायला लावू शकतो, त्यामुळे युरोपातली बिले आणि जाहिराती जपून ठेवा. अर्ज प्रसिद्ध होताच सरकारी थाटाची, पैसे मागणारी पत्रे येऊ लागतात. ईयूआयपीओ अशी बिले पाठवत नाही. ती न भरता प्रतिनिधीकडे धाडा.