पाच नायट्रोजन, नऊ हायड्रोजन: आधी काय संपेल?

पाकिटात नायट्रोजनचे 5 रेणू आहेत आणि हायड्रोजनचे 9. त्यांचा अमोनिया करायचा आहे. आधी काय संपेल? अकरावीच्या वर्गात विचारलं की 'नायट्रोजन' हे उत्तर हमखास येतं, कारण 5 हा आकडा 9पेक्षा लहान. समीकरण फळ्यावर असतं, पाठही असतं: नायट्रोजनचा 1 रेणू आणि हायड्रोजनचे 3 मिळून अमोनियाचे 2 (N₂ + 3H₂ → 2NH₃). तरी नजर लहान आकड्यावरच जाते. स्टॉइकिओमेट्रीत, म्हणजे कशाला काय किती लागतं आणि त्यातून किती मिळतं या हिशेबात, ही फार चिवट चूक आहे. पुढचा खेळ मुद्दाम तिच्याभोवतीच रचला आहे.

वर्गात वडापावचं उदाहरण सहज सुचतं. 20 वडे, 15 पाव, तर 15 वडापाव झाले आणि 5 वडे उरले. पण एकास एक प्रमाणात लहान आकडाच आधी संपतो, म्हणजे हे उदाहरण नेमकी चुकीची सवय पक्की करतं. शिवाय वडापावात पाव पावच राहतो. अभिक्रियेत रेणू तुटतात आणि अणू नव्याने जोडले जातात. ते हाताने करून पाहिलं की समीकरणातले आकडे बोलू लागतात.

साहित्य 60 मुलांच्या वर्गाचं आहे, पाच-पाच जणांचे 12 गट धरून. निळ्या कार्डशीटचे 5 सेंटिमीटरचे 84 चौकोन हे नायट्रोजनचे अणू, पांढऱ्याचे 3 सेंटिमीटरचे 216 हे हायड्रोजनचे. ए-फोर मापाचे 5 निळे आणि 4 पांढरे कागद पुरतात. जोडायला 234 यू-क्लिपा. दोन चौकोनांची जोडी म्हणजे एक रेणू: हायड्रोजनच्या जोडीला एक क्लिप, नायट्रोजनच्या जोडीला तीन. ही तीनची अट सोडू नका. वेळ वाचवायला नायट्रोजनला एकच लावली, तर एका अभिक्रियेत 4 क्लिपा सुटतात आणि अमोनियाच्या दोन रेणूंना लागतात 6. मग मुलं क्लिपा मागायला टेबलाशी गर्दी करतात आणि अणू मोजायचे राहून जातात. तीन लावल्या की सहा सुटतात आणि सहाच लागतात. नायट्रोजनच्या रेणूत खरोखरच तिहेरी बंध असतो, म्हणून हिशेब जुळतो. (क्लिपा जुळल्या म्हणून ऊर्जाही जुळली असं मात्र नाही. सगळे बंध सारखे मजबूत नसतात, आणि या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते.)

पाकिटं चार प्रकारची, प्रत्येक प्रकारची तीन. 'अ'मध्ये नायट्रोजनचे 5 रेणू, हायड्रोजनचे 9. 'ब'मध्ये 3 आणि 12. 'क'मध्ये 2 आणि 7. 'ड'मध्ये 4 आणि 8. आकडे पाकिटावर लिहा.

पहिली फेरी 10 मिनिटांची. पाकीट उघडण्याआधी प्रत्येक गटाने अंदाज लिहून द्यायचा: अमोनिया किती होईल, काय किती उरेल. अंदाज लिहून घेतला नाही तर खेळ फुकट जातो, कारण मग चुकलेला गट 'आम्हाला माहीतच होतं' म्हणून मोकळा होतो. मग पाकीट उघडायचं आणि 1 नायट्रोजन, 3 हायड्रोजन असा संच घेऊन क्लिपा सोडून जोडायच्या. 'अ' गटाने 10 अमोनिया लिहिलेला असतो. तीन संचांनंतर पांढरे चौकोन संपतात, हातात 6 अमोनिया असतात आणि निळ्या दोन जोड्या तशाच पडून राहतात. इथेच 'लिमिटिंग रिएजंट' (आधी संपून अमोनिया किती होईल हे ठरवणारा पदार्थ) हा शब्द द्या, आधी नको. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला तो मग परका वाटत नाही. उलट 'क' पाकिटात कमी संख्येचा नायट्रोजनच आधी संपतो, त्यामुळे 'जास्त असतं तेच संपतं' असा नवा गैरसमज रुजत नाही. प्रत्येक संख्येला समीकरणातल्या तिच्या आकड्याने भागायचं (5÷1=5, 9÷3=3) आणि लहान भागाकार पाहायचा, ही रीत मुलं दोन पाकिटं शेजारी ठेवून स्वतः काढतात.

दोन अडचणी हमखास येतात. कुणीतरी सहा पांढरे चौकोन एका माळेत जोडतं. त्याला हायड्रोजनपुढचा 3 आणि त्याच्या पायाशी असलेला 2 यांतला फरक कळलेला नसतो. तीन सुट्या जोड्या समोर मांडा, एवढं पुरतं. दुसरी शंका जास्त चांगली: 'चार रेणू दिले, दोनच मिळाले, बाकीचे गेले कुठे?' चौकोन मोजायला सांगा: आधी 8, नंतरही 8. मग वस्तुमान: नायट्रोजनचे 28 अधिक हायड्रोजनचे 6, म्हणजे 34, अमोनियाचे 17 दुणे 34.

दुसरी फेरी बाजाराची, 8 मिनिटं. उरलेले रेणू दुसऱ्या गटांशी बदलायचे. प्रत्येक अमोनियाला 2 गुण, उरलेल्या प्रत्येक रेणूमागे 1 गुण वजा. देवघेवीशिवाय वर्गाचा अमोनिया 60वर थांबतो, देवघेवीने 72पर्यंत जातो आणि नायट्रोजनचे 6 रेणू उरतात. त्र्याहत्तरावा सापडला तर कुणीतरी नायट्रोजनला दोनच पांढरे लावलेत.

तिसऱ्या फेरीत चौकोन नाहीत, फक्त चिठ्ठी: नायट्रोजन 56 ग्रॅम, हायड्रोजन 9 ग्रॅम. इथे 1:3 हे प्रमाण थेट ग्रॅमला लावण्याचा मोह होतो. समीकरण रेणू मोजतं, तराजू ग्रॅम. आधी मोल, म्हणजे रेणू मोजायचं एकक, काढायचे: 56÷28=2 आणि 9÷2=4.5. हायड्रोजन आधी संपतो, 3 मोल म्हणजे 51 ग्रॅम अमोनिया मिळतो आणि 14 ग्रॅम नायट्रोजन उरतो. 51 आणि 14 मिळून 65, म्हणजे दिलेलं सगळं जागेवर आहे. याच वेळी 'ड' पाकिटाकडे परत या. चौकोनांत 4 आणि 8 घेतले तर दोन संच होतात आणि दोन्हीपैकी दोन-दोन रेणू उरतात. तेच 4 मोल आणि 8 मोल असतील तर हायड्रोजन पुरता संपतो आणि 5.33 मोल अमोनिया होतो. रेणूचा तुकडा वापरता येत नाही, पण एका मोलमध्ये 6.022×10²³ रेणू असतात, त्यामुळे मोलचा अंश खुशाल घेता येतो. चौकोनांच्या खेळातली ही त्रुटी सांगायची राहिली तर मुलं गणितातही अपूर्णांक टाळू लागतात.

हाताशी वेळ असेल तर लुडोचा फासा घ्या. एक संच पुढे ठेवून फासा टाकायचा. 6 पडला तरच अमोनिया, नाहीतर संच परत पाकिटात. सहात एक म्हणजे सुमारे 17 टक्के. रायगड जिल्ह्यात थळला आहेत तशा अमोनिया संयंत्रांत वायू उत्प्रेरकावरून एकदा गेला की साधारण 15 ते 20 टक्क्यांचाच अमोनिया होतो. तो थंड करून द्रवरूपात बाजूला काढतात आणि उरलेला वायू पुन्हा आत सोडतात. पाच मिनिटांनी खेळ थांबवा. 'अ' गटाकडे 6ऐवजी 4 अमोनिया असतील, तर त्यांचं उत्पादन 66.7 टक्के.