शेपटी हलते, पण बाकीचं अंग काय सांगतं?

शेपटी हलली म्हणजे कुत्रा खूश, या भरवशावर हात पुढे करू नये. हलणारी शेपटी एवढंच सांगते की तो उत्तेजित झालाय. कशाने, हे बाकीच्या अंगावरून कळतं. कमरेपासून मागचा सगळा भाग डोलतोय, तोंड सैल उघडं आहे, तर स्वारी खुशीत. शेपटी ताठ वर, फक्त टोक थरथरतंय, तोंड घट्ट मिटलंय आणि भार पुढच्या पायांवर आलाय, तर जागीच थांबा. शेपटीची उंची त्या कुत्र्याच्या रोजच्या ठेवणीशी ताडून पाहावी. कारवान या शिकारी जातीच्या कुत्र्याची एरवीही खालीच असते, पगची पाठीवर गुंडाळलेली.

इटलीतल्या बारी इथल्या संशोधकांनी 2007 मध्ये 30 कुत्र्यांच्या शेपट्यांचं चित्रण तपासलं. मालक दिसला की शेपटी कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त जायची; अनोळखी, वरचढ कुत्रा दिसला की डावीकडे. घरात हा फरक नुसत्या डोळ्यांनी टिपणं अवघडच.

जिव्हाळा नजरेतही असतो. जपानच्या अझाबू विद्यापीठातला 2015 चा प्रयोग सांगतो की, मालकाकडे बराच वेळ पाहणाऱ्या कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकांच्याही लघवीत ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक, वाढलं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये तसं झालं नाही. ही नजर मवाळ असते, डोळे किंचित मिटलेले. परक्या कुत्र्याकडे रोखून पाहणं मात्र त्याला धमकी वाटते.

लाड हवेत का, हे कुत्र्यालाच विचारता येतं. तिरके बसा, त्याला जवळ येऊ द्या, छातीवर तीन-चार सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. त्याने नाकाने हात ढोसला किंवा अंग टेकवलं, तर पुढे चालू. मान फिरवली, ओठ चाटले, खाणं किंवा झोप समोर नसताना जांभई दिली, डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसला, तर पुरे. मिठी पुष्कळ कुत्र्यांना नकोशी असते, कारण निसटायला वाट उरत नाही. लहान मुलांना हे आधी शिकवा. त्यांचा चेहरा नेमका कुत्र्याच्या तोंडापाशी येतो.

चप्पल फाडल्यावरचा तो ‘अपराधी’ चेहराही फसवा. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या 2009 च्या प्रयोगात कुत्र्याने आगळीक केली होती की नाही यापेक्षा मालक रागावला की नाही, यावर तो चेहरा अवलंबून होता. म्हणजे ती भीती.

आणि गुरगुरण्याबद्दल कधी दटावू नका. दटावल्याने अस्वस्थता जात नाही, इशारा तेवढा बंद होतो; मग पुढच्या वेळी कुत्रा न गुरगुरता थेट चावू शकतो. गुरगुरला की हात मागे घ्या, त्याला जागा द्या. एरवी चालणारा स्पर्श अचानक नकोसा झाला असेल, तर कान, दात, सांधे दुखत नाहीत ना, हे पशुवैद्याकडून तपासून घ्या.