माहिती-तंत्रज्ञान प्रमाणपत्रे व त्यांच्या परीक्षा

नेटवर्क उभारणे, सर्व्हर सांभाळणे, माहितीची सुरक्षा, क्लाउड अशा कामांपैकी एखादे काम उमेदवाराला येते, याची परीक्षा घेऊन दिलेली ग्वाही म्हणजे माहिती-तंत्रज्ञान प्रमाणपत्र. ते बहुधा एखादी उत्पादक कंपनी किंवा व्यावसायिक संघटना देते. पदवीप्रमाणे वर्गात बसण्याची सक्ती क्वचितच असते. अभ्यास कुठूनही करावा, परीक्षा मात्र ठरलेल्या अटींनुसार द्यावी, अशी ही पद्धत आहे. त्यामुळे प्रमाणपत्राची सारी पत परीक्षेवरच अवलंबून राहते.

अमेरिकेत १९६२ साली ‘सर्टिफिकेट इन डेटा प्रोसेसिंग’ची परीक्षा सुरू झाली. तिचा संबंध कोणत्याही एका कंपनीच्या उत्पादनाशी नव्हता. कंपन्यांच्या प्रमाणपत्रांची लाट आली ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस, नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर या नेटवर्क-प्रणालीबरोबर. त्यानंतर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि १९९३ मध्ये नेटवर्कची उपकरणे बनवणारी सिस्को या कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. कॉम्पटिया या व्यावसायिक संघटनेची ए प्लस ही कोणत्याही कंपनीशी न बांधलेली परीक्षाही १९९३ चीच, तर माहितीसुरक्षेतील सीआयएसएसपी हे प्रमाणपत्र १९९४ चे. प्रोमेट्रिक आणि व्हीयूई या परीक्षा घेणाऱ्या कंपन्यांच्या केंद्रांमुळे तीच परीक्षा अनेक देशांत संगणकावर देता येऊ लागली.

या विस्तारातूनच मोठी अडचण उभी राहिली. बहुपर्यायी प्रश्न सगळीकडे सारखे असले की ते पाठ करून बाहेर आणता येतात. अशा चोरलेल्या प्रश्नसंचांना ‘डम्प’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटी या प्रणालीच्या काळात एमसीएसई या तिच्या प्रमाणपत्रासाठी सहा परीक्षा द्याव्या लागत. त्या पार करूनही प्रत्यक्ष सर्व्हरला हात न लावलेल्यांची संख्या इतकी वाढली की त्यांना ‘पेपर एमसीएसई’ असे हिणवले जाऊ लागले. यात खरे नुकसान झाले ते रात्र-रात्र जागून काम शिकलेल्यांचे, कारण त्यांच्या प्रमाणपत्राचेही मोल त्याबरोबर उतरले. पुढे परीक्षांत जे बदल झाले, त्यांतील बरेचसे या एका दुखण्यावरचे उपाय आहेत. प्रश्नपेढ्या मोठ्या झाल्या, गोपनीयतेचा करार मान्य केल्याशिवाय पेपर उघडेनासा झाला, प्रसंगाधारित प्रश्न आणि पडद्यावरच आज्ञा टाइप करायला लावणारी सिम्युलेशन्स (खऱ्या यंत्राच्या नकला) आली. काही परीक्षा उमेदवाराच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न निवडू लागल्या. सीआयएसएसपीच्या इंग्रजी परीक्षेत पूर्वी सहा तासांत २५० प्रश्न असत. डिसेंबर २०१७ मध्ये ती या अनुकूली पद्धतीवर गेली आणि प्रश्न १०० ते १५०, वेळ तीन तास झाला.

सर्वांत खात्रीचा उपाय मात्र आधीपासूनच उपलब्ध होता : काम करून दाखवायला लावणे. सिस्कोच्या सीसीआयई या प्रमाणपत्राची प्रयोगशाळेतील परीक्षा सुरुवातीला दोन दिवस चाले. उमेदवाराने नेटवर्क उभे करायचे, आणि मुद्दाम घातलेले बिघाड शोधून दुरुस्तही करायचे. २००१ मध्ये ती आठ तासांची, एका दिवसाची झाली. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीई परीक्षेतही चालत्या लिनक्स यंत्रावर काम करावे लागते. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर मांडणी टिकली नाही, तर तिचे गुण मिळत नाहीत. परीक्षक इथे उमेदवाराचे म्हणणे तपासत नाही, यंत्राची अवस्था तपासतो. सुरक्षेतील त्रुटी शोधण्याच्या ओएससीपी या परीक्षेत जवळजवळ २४ तास यंत्रणा भेदण्याचे प्रयत्न करून नंतर सविस्तर अहवाल लिहावा लागतो. २०१७ मध्ये आलेली कुबरनेटीस या अनेक यंत्रांवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रणालीची सीकेए परीक्षाही प्रात्यक्षिकच आहे आणि तीत अधिकृत दस्तऐवज उघडून पाहायची मुभा आहे. ही मुभा योग्यच आहे, कारण कामावर कोणीही सगळ्या आज्ञा तोंडपाठ ठेवत नाही, हवे ते चटकन शोधता येणे हाच कौशल्याचा भाग असतो. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये भूमिकाधारित (विशिष्ट कामासाठीच्या) परीक्षांत आपले लर्न हे शिकवणीचे संकेतस्थळ पाहू देण्यास सुरुवात केली. प्रात्यक्षिक परीक्षा घेणे खर्चिक असते, म्हणून प्राथमिक पातळीवर बहुपर्यायी प्रश्नांचेच प्राबल्य राहिले.

मुदतीचे नियमही बदलले. कॉम्पटियाची ए प्लस, नेटवर्क प्लस व सिक्युरिटी प्लस ही प्रमाणपत्रे पूर्वी आजन्म वैध असत. २०११ पासून नव्याने मिळणाऱ्या प्रमाणपत्रांना तीन वर्षांची मुदत लागली. सीआयएसएसपी टिकवायला तीन वर्षांत पुढील शिक्षणाचे १२० श्रेयांक मिळवावे लागतात. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२१ अखेर एमसीएसई बंद करून कामाच्या भूमिकांनुसार प्रमाणपत्रे ठेवली. त्यांतील बरीचशी वर्षभरच वैध असतात, पण नूतनीकरणाची ऑनलाइन चाचणी मोफत असते.

२०२०च्या महासाथीत केंद्रे बंद पडल्यावर घरून परीक्षा देण्याची सोय झपाट्याने रुळली. दूरचा पर्यवेक्षक कॅमेऱ्यातून लक्ष ठेवतो. खोलीची छायाचित्रे आधी पाठवावी लागतात, आणि प्रश्न पुटपुटत वाचला तरी ताकीद मिळू शकते. केंद्रापासून लांब राहणाऱ्यांची यामुळे मोठी सोय झाली. ज्यांना स्वतंत्र खोली किंवा अखंड इंटरनेट नाही, त्यांना मात्र अजूनही केंद्रच गाठावे लागते.