नदीत पडलेली अंगठी आणि तळाचा काळा दगड

इंद्रायणीत डुबकी मारताना बोटातली अंगठी निसटली, तर ती मेटल डिटेक्टरनं सापडेल का? पाणी आड येईल, असं बहुतेकांना वाटतं. पण पुणे परिसरातल्या नद्यांत खरा अडथळा पाण्याचा नाही, तळाच्या काळ्या दगडाचा आहे.

डिटेक्टरच्या चकतीत तारेची वेटोळी असतात. त्यांतून उलटसुलट वाहणारी वीज भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. ते धातूपर्यंत पोचलं की धातूत विजेचे भोवरे फिरतात आणि त्यांचं क्षेत्र चकती टिपते. गोडं पाणी विजेचं फार क्षीण वाहक असल्यानं त्याचा यात फारसा अडसर होत नाही. अलिबागच्या समुद्रात मात्र खारं पाणी स्वतःच संकेत देतं. तिथे ‘पल्स इंडक्शन’ यंत्रं बरी. ती विजेचा झटका देऊन थांबतात आणि मग कानोसा घेतात. तोवर पाण्यातला प्रवाह विरलेला असतो, जाड धातूतला अजून टिकून असतो.

हा काळा दगड म्हणजे आपला बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे कण विखुरलेले असतात. चकतीच्या क्षेत्राला तेही प्रतिसाद देतात आणि दगडावरच यंत्र वाजू लागतं. म्हणून आधी मोकळ्या तळावर चकती वर-खाली करून यंत्राला तो दगड ‘ओळखून’ सोडून द्यायला लावतात. ही जुळणी टाळून कुणी नदीत उतरू नये.

पाणी गुडघाभर असो की कमरेइतकं, चकती तळाला जवळजवळ टेकलेली हवी. बारीक वस्तू चकतीच्या व्यासापेक्षा दूर गेली, की अंतर दुप्पट होताच संकेत साधारण चौसष्टपट क्षीण होतो. त्यामुळे गाळात हातभर खोल रुतलेलं नाणं सहसा हाती लागत नाही.

दागिन्याचा आकारही महत्त्वाचा, आणि मला यातलं सर्वांत सुंदर भौतिकशास्त्र इथेच दिसतं. अंगठी हे अखंड कडं. वीज त्यात गोल फिरते, म्हणून संकेत ठणठणीत येतो. तीच अंगठी चिरली असेल तर तो एकदम मंदावतो. बारीक साखळीत प्रत्येक कडी सुटी असते. एका कडीतून दुसरीत वीज नीट जात नाही, म्हणून वजनदार साखळीसुद्धा यंत्राला चिमूटभर धातू वाटते. मंगळसूत्राचे काचेचे काळे मणी तर यंत्राला दिसतच नाहीत. शोध घ्यायचा तो वाट्यांचा.

जुनी नाणी सापडली तर ती खिशात घालू नयेत. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं १८७८च्या कायद्यानं बंधनकारक आहे.

सोनं बेसॉल्टच्या सहापट जड असतं. ते वाळूतून खाली सरकून खडकाच्या भेगांत अडकतं. साखळी हरवली असेल, तर यंत्र गप्प राहिलं तरी जवळच्या भेगांमधली वाळू उपसून चाळणीतून काढावी. शहरातल्या मुठेत सांडपाणी मिसळतं, तेव्हा तिथे हातमोजे घालूनच.