टॉमस अलेक्झांडर क्रेरर

(१७ जून १८७६ – ११ एप्रिल १९७५). कॅनडातील शेतकरी, धान्यव्यापारी व राजकारणी. जन्म आँटॅरिओतील मोल्सवर्थचा. १८८१ मध्ये कुटुंब मॅनिटोबा प्रांतात नव्या जमिनीवर वसायला आले. क्रेररने तिथे शाळा शिकवली, शेती केली आणि मग रसेल गावी शेतकऱ्यांचे एलेव्हेटर सांभाळले.

एलेव्हेटर म्हणजे रुळांकाठचे उंच लाकडी कोठार. गव्हाची गाडी आत आली की वजन होई, कारभारी मूठभर दाणे तळहातावर घेऊन प्रत ठरवी आणि काडीकचऱ्यापोटी वजनात घट धरी. आपल्या बाजार आवारातला कडताच म्हणा ना. एके काळी २५,००० बुशेल (धान्य मोजण्याचे माप) मावतील असे एलेव्हेटर बांधणाऱ्यालाच कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे स्थानकावर जागा देई, म्हणून पुष्कळ ठिकाणी घेणारा एकच. भाव पटला नाही तरी आणलेला गहू माघारी नेणार कोण?

या जाचातून १९०६ मध्ये शेतकरी नेता ई. ए. पार्ट्रिजच्या पुढाकाराने ग्रेन ग्रोअर्स ग्रेन कंपनी ही शेतकऱ्यांची सहकारी कंपनी निघाली. ज्याचा जितका माल त्याला तितका नफा, हा तिचा बेत कळताच विनिपेगच्या धान्यबाजाराने तिला बाहेर काढले. मॅनिटोबा सरकारने दटावल्यावर परत घेतले. पार्ट्रिज स्वप्ने पाहणारा होता. १९०७ मध्ये अध्यक्ष झालेला क्रेरर खतावणी पाहणारा, आणि कंपनी टिकली ती त्यामुळेच. १९१७ मध्ये अल्बर्टा प्रांतातील शेतकऱ्यांची सहकारी कंपनी तिच्यात मिळून युनायटेड ग्रेन ग्रोअर्स झाली. अध्यक्षपद त्याच्याकडे १९२९ पर्यंत होते.

१९१७ मध्ये पंतप्रधान बोर्डनने त्याला खासदार होण्याआधीच कृषिमंत्री केले. गहू जगाच्या भावाने विकायचा आणि अवजारे मात्र आयातीवरील जकातीमुळे महाग घ्यायची, हे शेतकऱ्यांचे जुने गाऱ्हाणे. १९१९ च्या अर्थसंकल्पात जकात पुरेशी उतरली नाही, तेव्हा त्याने राजीनामा दिला. त्याच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा प्रोग्रेसिव्ह पक्ष १९२१ च्या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर आला, पण अधिकृत विरोधी पक्ष व्हायला त्याने नकार दिला. सत्तेवर आलेल्या उदारमतवादी (लिबरल) पक्षाशी सौदा जमेल हा व्यापाऱ्याचा हिशेब, तो चुकला. अल्बर्टाचा शेतकरी नेता हेन्री वाइज वुड याच्याशीही पटेना. १९२२ मध्ये त्याने नेतृत्व सोडले.

पुढे लिबरल पंतप्रधान मॅकेंझी किंगच्या मंत्रिमंडळात तो काही काळ रेल्वेमंत्री होता. १९३५ नंतर खाण खात्याबरोबर स्थलांतर खातेही त्याच्याकडे आले. नाझींपासून पळणाऱ्या ज्यूंना कॅनडाचे दार जवळपास बंद राहिले ते याच काळात. १९४५ ते १९६६ तो सिनेटर होता. ब्रिटिश कोलंबियातील व्हिक्टोरिया येथे वयाच्या ९८ व्या वर्षी मृत्यू.