बाहेरचा कोंब आणि बाहेर आलेला कोंब

मागे एकदा रात्री साडेअकराला मामेभावाचा फोन आला. आवाज दबका, बहुतेक बाथरूममधून बोलत होता. "दादा, कोंब बाहेर आलाय. तासभर ढकलतोय, आत जाईना."

मी विचारलं, "आधी कधी आत होता का?"

जरा वेळ शांतता. मग, "म्हणजे?"

हा "म्हणजे?" मी इतक्यांदा ऐकलाय की आता एकदाच सगळं लिहून काढतो. मी डॉक्टर नाही. पण दहा वर्षांच्या अंतराने मला आतली आणि बाहेरची, दोन्ही मूळव्याधी होऊन गेल्यात, त्यामुळे नातेवाइकांत या खात्याचा बिनपगारी सल्लागार झालोय. आपल्याकडे शौचाच्या जागी काहीही झालं की त्याला मूळव्याध म्हणतात, हाताला काहीही लागलं की तो कोंब, आणि कोंबावर एकच इलाज ठरलेला: तेल लावून आत सार.

आतली मूळव्याध तुम्हाला माहीत असते, म्हणून भरभर सांगतो. गुदमार्गाच्या आत रक्तवाहिन्यांच्या गाद्या असतात, त्या सुजतात. शौचाच्या वेळी लालभडक रक्त टपटपतं, दुखत मात्र नाही. पहिल्या पायरीला नुसतं रक्त. दुसरीला कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो, तिसरीला बोटाने ढकलावा लागतो, चौथीला ढकलूनही जात नाही. रबर बँड लावणं वगैरे उपाय या आतल्या कोंबांसाठीच आहेत. एवढं मात्र ध्यानात ठेवा की पंचेचाळिशीनंतर नव्याने रक्त पडू लागलं तर ते परस्पर मूळव्याधीच्या नावावर खपवायचं नाही, तपासून घ्यायचं.

आता दुसरी भानगड, जी माझ्या भावाला झाली होती. गुदद्वाराच्या अगदी कडेला, कातडीखाली, बारीक शिरांचं एक जाळं असतं. जोरात कुंथलं, जड वजन उचललं, दोन दिवस जुलाब झाले, बाळंतपणात जोर लावला, की त्यातल्या एखाद्या शिरेत रक्त साकळतं. माझ्या बाबतीत निमित्त गॅसच्या सिलिंडरचं होतं. लिफ्ट बंद, आणि मी भरलेला सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर खांद्यावरून नेला. संध्याकाळपर्यंत बसायची सोय उरली नाही. आरशात पाहिलं तर पिकलेल्या करवंदाएवढा, करवंदाच्याच रंगाचा एक टणक गोळा. डॉक्टरी भाषेत ही थ्रॉम्बोज्ड एक्स्टर्नल पाईल, म्हणजे बाहेरच्या शिरेत साकळलेल्या रक्ताची गुठळी.

सगळा घोटाळा "बाहेर" या शब्दाने केलाय. पुण्यात जन्मलेला आणि पुण्यात बदली होऊन आलेला, दोघंही आज पुण्यातच दिसतात. पण बदलीवर आलेल्याला परत पाठवता येतं. इथंच जन्मलेल्याला कुठं पाठवणार? बाहेर आलेला कोंब मूळचा आतला असतो, म्हणून तो आत जातो. बाहेरच्या कोंबाला आत घरच नसतं. तुम्ही तो बोटाने दाबता तेव्हा कातडीखालची भरलेली शीर नुसती चेंगरता. सूज वाढते, कातडी फाटते, आणि कोंब जागचा हलत नाही.

आत आणि बाहेर यांची हद्द शरीराने स्वतः आखून दिलेली आहे. कडेपासून साधारण दोन सेंटिमीटर आत एक दातेरी रेघ असते. रेघेच्या वर आतड्याचं अस्तर. त्याला कापलेलं, टोचलेलं जवळजवळ कळत नाही, म्हणून आतला कोंब रक्ताने न्हाऊ घालतो पण दुखत नाही, आणि तिथं बिनधास्त रबर बँड लावता येतो. रेघेच्या खाली कातडी, बोटाच्या टोकाइतकी हळवी. तिथं करवंदाएवढी गुठळी ताणून बसली की ठणका लागणारच. तिथं कुणी बँड लावला तर रुग्ण टेबलावरून उठून पळेल. रेघ समजली की बाकीचं पाठ करावं लागत नाही. बिनदुखीचं रक्त म्हणजे बहुधा रेघेच्या वरचं काम, आणि रक्ताशिवाय अचानक आलेला दुखरा निळा गोळा म्हणजे रेघेच्या खालचं.

आता ज्या एका ठिकाणी जाणतेही फसतात ते. आतला कोंब बाहेर आला, स्नायूने त्याचा गळा आवळला, आणि तो आत जाईना, तर तोही काळानिळा पडतो आणि भयंकर दुखतो. मग ओळखायचं कसं? कातडीवरून. बाहेरची गुठळी कोरड्या, नेहमीच्या कातडीने झाकलेली असते, निळेपणा त्या कातडीखालून दिसतो, आणि बहुतेकदा एकच गुळगुळीत गोळा एका बाजूला असतो. अडकलेला आतला कोंब ओला, बुळबुळीत, ओठाच्या आतल्या बाजूसारखा दिसतो, बरेचदा एकाहून जास्त कोंब गोलाकार फुललेले असतात. आणि त्याला इतिहास असतो. तो माणूस सांगतो की गेली दोन-तीन वर्षं येतो नि जातो, आजच जाईना. म्हणून मी भावाला पहिला प्रश्न "आधी कधी आत होता का" हा विचारला. असा अडकलेला कोंब असेल तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री सर्जन गाठायचा. बाहेरची गुठळी असेल तर रात्र कण्हत निघते, पण जिवाला धोका नसतो.

थ्रॉम्बोसिस हा शब्द रिपोर्टवर वाचून घाबरणारे वेगळेच. गुठळी सुटून हृदयात, फुप्फुसात जाईल का? नाही जात. पायाच्या खोल शिरेतली गुठळी हे निराळं प्रकरण, ही तिची नावबहीण. त्यामुळे रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा इथं काही उपयोग नाही, आणि आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिन सुरू करणं तर शुद्ध वेडेपणा. आधीपासून तशी गोळी चालू असेल तर आपल्या मनाने बंद मात्र करू नका, डॉक्टरांना सांगा.

मग इलाज काय? इथं सगळं घड्याळावर ठरतं. दुखणं पहिले दोन-तीन दिवस चढत जातं, 72 तासांच्या आसपास ओसरायला लागतं. त्या मुदतीत, सोसवत नसेल तर, सर्जन जागा बधिर करून गुठळी वरच्या कातडीसकट काढतात. नुसती चीर देऊन पिळून काढण्यापेक्षा हे बरं, कारण आत बरेचदा छोट्या छोट्या कप्प्यांत रक्त साकळलेलं असतं, आणि चीर बंद झाली की पुन्हा भरतं. मुदत उलटल्यावर कापण्यात फारसा फायदा नाही, दुखणं एवीतेवी उतरणीला लागलेलं असतं. 2004 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 231 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. कापून घेतलेल्यांचा त्रास सरासरी चार दिवसांत गेला, न कापलेल्यांना 24 दिवस लागले. पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण कापलेल्यांत सहा टक्क्यांच्या घरात, न कापलेल्यांत 25. आकडे कापण्याच्या बाजूने दिसतात. तरी पाचव्या दिवशी सर्जनकडे जाऊन "कापाच" म्हणून हटून बसणाऱ्यांची मला गंमत वाटते. सर्वांत वाईट दिवस सोसून झाल्यावर नवी जखम कशाला हवी? आणि घरी सुई किंवा ब्लेडने फोडायचा विचार ज्याच्या मनात येतो, त्याच्या हातून आधी फोन काढून घ्यावा, कारण ती युक्ती त्याने तिथूनच उचललेली असते.

मी कापून घेतलं नाही. माझं असं चाललं. मोठ्या घमेल्यात कोमट पाणी, तान्ह्या बाळाच्या आंघोळीला कोपर बुडवून बघतात तेवढंच गरम. त्यात दहा-पंधरा मिनिटं बसणं, दिवसातून तीनदा आणि शौचाहून आल्यावर. पाण्यात काहीही घालायचं नाही. डेटॉल नाही, तुरटी नाही, मीठही नाही. एक काकू मला पोटॅशिअम परमँगनेटचे जांभळे खडे देऊन गेल्या होत्या, ते अजून कपाटात आहेत. मग घासून नव्हे, टिपून कोरडं करायचं. दुखायला पॅरासिटामॉल, आणि पोट, किडनी, दमा असलं काही नसेल तर आयब्युप्रोफेन, गरोदर बायकांना मात्र नाही. ट्रामाडॉल किंवा कोडीनची गोळी घरात पडून असली तरी तिला हात लावू नये, ती मल घट्ट करते आणि मग चौथ्या दिवशी तुम्ही पुन्हा कुंथता. डॉक्टरांनी निफेडिपीन आणि लिडोकेन असलेलं मलम दिलं होतं, त्याने आवळलेला स्नायू सैल पडतो. खाज थांबते म्हणून महिनाभर चोळत राहायची स्टेरॉइडची ट्यूब मला मुळीच पसंत नाही. आठवड्याहून जास्त वापरली तर तिथली कातडी पातळ होते.

जेवण सोडू नका. शौचाच्या भीतीने दोन दिवस उपाशी राहणारे मी पाहिलेत, तिसऱ्या दिवशी खडा होतो आणि मग जे होतं ते लिहिण्यासारखं नाही. रात्री दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं, वर आणखी एक पेला पाणी. कोरडं किंवा घोटभर पाण्याबरोबर घेतलं तर तेच आत घट्ट होऊन बसतं. उष्णता झाली, आंबे खाल्ले, चिकन खाल्लं, ही कारणमीमांसा मला मान्य नाही. सुरणाचं संस्कृत नावच अर्शोघ्न, अर्श मारणारा, आणि चिंच-गुळातली सुरणाची भाजी मला मनापासून आवडते, पण ती खाऊन साकळलेली गुठळी विरघळत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी कधी कधी वरची कातडी आपणहून फुटते आणि काळपट, जेलीसारखं रक्त येतं. लोक इथं घाबरतात, खरं तर याच क्षणी सर्वांत मोठा आराम पडतो. स्वच्छ कापसाने किंवा गॉजने दहा मिनिटं दाबून धरायचं. तरीही थांबलं नाही तर दवाखाना.

गुठळीसारखं वाटणारं पण गुठळी नसलेलं एक दुखणं आहे, आणि तिथं घमेल्यात बसून वेळ घालवणं महागात पडतं. ते म्हणजे गळू. गुठळी काही तासांत उगवते, गळू दोन-चार दिवसांत वाढत जातं. गुठळी निळी, गळू लाल आणि हाताला गरम. गुठळीला ताप नसतो, गळवाला बरेचदा ताप, थंडी, कणकण असते, आणि ठुसठुस कमी न होता रोज वाढते. त्यातला पू सर्जनने वाट करून काढावाच लागतो, नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही, आणि मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नये. अशा गळवातूनच पुढे भगंदर होतं. "मूळव्याध, भगंदर, फिशर, बिना ऑपरेशन" अशा पाट्या स्टँडच्या भिंतीवर तिन्ही दुखणी एका दमात मोजतात, त्याचा मला मनस्वी राग आहे. फिशरबद्दल एवढंच की ती चीर असते, शौचाच्या वेळी काच कापल्यासारखं दुखतं, आणि गोळा नसतो.

भावाने ढकलणं थांबवलं. फोटो पाठवू का म्हणाला, मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी सर्जनला दाखवून आला, गुठळीच होती. कापून घेतली नाही. तीन दिवस ऑफिसला घरूनच काम करतो म्हणून सांगितलं आणि पोटावर पडून लॅपटॉप चालवला. दहाव्या दिवशी स्कूटरवर बसला. गोळा पुरता जिरायला तीन-चार आठवडे लागले.

मग महिन्याने पुन्हा फोन. "दादा, बराचसा गेला, पण थोडासा मऊ राहिलाय. दुखत अजिबात नाही. आता ढकलू का?"

ती ताणलेली कातडी. गुठळी जिरली, पिशवी रिकामी झाली, लोंबती घडी मागे राहिली. माझ्याकडेही आहे, सहा वर्षं झाली. धुताना जरा जास्त लक्ष द्यावं लागतं, बाकी काही नाही. फारच खुपली तर सर्जन काढून देतात.