बाबासाहेबांची पीएच.डी. घटनाशास्त्रातली नव्हती

जयंतीच्या भाषणांत हमखास ऐकू येतं: बाबासाहेबांनी कोलंबियात घटनाशास्त्राची डॉक्टरेट केली, म्हणून त्यांना राज्यघटना लिहिता आली. तसं नाही. लंडनची डी.एससी. (१९२३) रुपयाच्या प्रश्नावर, कोलंबियाची पीएच.डी. (१९२७) प्रांतिक वित्तव्यवस्थेवर, दोन्ही अर्थशास्त्रातल्या. घोळ बहुधा नावाचा असावा, कारण कोलंबियात अर्थशास्त्र तेव्हा राज्यशास्त्र विद्याशाखेतच मोडायचं. कायद्याची डॉक्टरेट कोलंबियाने दिली खरी, पण ती मानद, १९५२ साली, म्हणजे घटना लागू झाल्यावर! कायदा ते शिकले लंडनच्या ग्रेज इनमध्ये, बॅरिस्टरीसाठी.

गंमत अशी, की त्या पीएच.डी.चा विषयच मुळी सरकारी तिजोरीतून प्रांतांच्या वाट्याला किती आणि कसं येत गेलं, हा. सुरुवात थेट १८३३ पासून. घटनेच्या कलम २८० मधला, केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना किती द्यायचा हे सुचवणारा वित्त आयोग वाचा, तोच प्रश्न पुन्हा भेटतो.